ओट्याखालचा घास

१९५४ सालच्या मार्च महिन्यात, एका रविवारी, आमच्या छापखान्यातले मामा एस.टी.ने जळगावहून धुळ्याला गेले आणि त्याच दिवशी परत आले. जाताना त्यांच्या पिशवीत तीन केळी होती. येताना एकही नव्हतं. मी बरोबर होतो, त्यामुळे तिन्ही केळ्यांचं काय झालं ते मला सांगता येतं.

मामा कंपोझिटर होते. मी त्याच छापखान्यातून निघणाऱ्या साप्ताहिकाचा बातमीदार. मी लिहायचं आणि त्यांनी शिशाचे खिळे उचलून ते जुळवायचं, असं आमचं नातं. मालकापासून पाणी भरणाऱ्या बाईपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. मूळ नावाने कोणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. राहायचे ते जुन्या वस्तीत, एका खोलीत, एकटे. माणूस अमळनेरकडचा, बोलणं अहिराणी. आमच्याशी बोलताना ते प्रमाण मराठीत सुरुवात करत आणि दुसऱ्या वाक्याला घरी परत येत.

तुम्ही खिळे जुळवणारा माणूस जवळून पाहिला असेल, तर त्याच्या बोटांची टोकं आठवत असतील. शिशाची काळसर झाक तिथे कायमची बसते. मामांच्या बोटांवरही ती होती. पण अधूनमधून एखाद्या सकाळी मामा छापखान्यामागच्या हौदावर जाऊन हात धुवायला बसत. आधी रॉकेलचा बोळा, मग राख, मग लाल साबण. नखांत काडी. धुणं मनगटाशी थांबत नसे, थेट कोपरापर्यंत जाई. ते दिसलं की आम्ही ओळखायचो, आज कुणाच्या तरी घरी उष्टावण आहे.

मालक खिडकीतून विचारत, "मामा, ऑपरेशनला निघालात काय?"

"मना पोटमा शिसं गयं, मालक. पोरना पोटमा नको."

उष्टावणाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. मूल सहा महिन्यांचं झालं की त्याला दुधाव्यतिरिक्त पहिला घास मामाने भरवायचा. जळगावात त्या वर्षांत बाहेरची माणसं फार येत होती. रेल्वेतले, कचेरीतले, जिनिंग फॅक्टरीतले. त्यांच्या बायकांचे भाऊ कुणी नागपूरला, कुणी सुरतेला. त्यांना रजा मिळेना आणि मूल तर थांबेना. असल्या घरांतून आमच्या मामांना बोलावणं येई. कुणाच्या घरी हे पहिल्यांदा घडलं, ते मला शोधूनही कळलं नाही. मी छापखान्यात आलो तेव्हा ही प्रथा पडून गेलेली होती. मामा मुलाला एक झबलं नेत. घरचे त्यांना नारळ देत. तो नारळ दुसऱ्या दिवशी छापखान्यात फुटे आणि आमच्या डब्यांतल्या भाकरीला चटणी मिळे.

उंबऱ्यावर पाय ठेवताच मामांचा पहिला प्रश्न ठरलेला. मुलाचं नाव नाही, महिना नाही.

"बठस का?"

म्हणजे, बसतं का? मूल बसत नसेल, तर मामा चहा पिऊन परत जात.

मेहरूणच्या बाजूला एका रेल्वे गार्डाचं बिऱ्हाड होतं. तिथे मी मामांबरोबर गेलो होतो. मुलाला पाचवा महिना नुकताच लागला होता. आजीने मुहूर्त काढून ठेवला होता, पाट मांडला होता, रांगोळी घातली होती. मामांनी मूल पाटावर बसवलं आणि हात सोडला. मूल डावीकडे कलंडलं. त्यांनी ते झेललं, पुन्हा बसवलं. ते उजवीकडे कलंडलं.

"अक्का, हाई आजून पोतं शे," मामा म्हणाले.

आजींना ते आवडलं नाही. "मांडीवर घेऊन भरवा की. बसायचं कशाला?"

मामांनी मूल मांडीवर घेतलं आणि रिकामा चमचा ओठांना लावला. मुलाने जीभ बाहेर काढून चमचा ढकलला. पुन्हा लावला, पुन्हा ढकलला.

"जीभ दारवर बठेल शे. कोणले आत येऊ देत नई. उगाच कोंबलं तर ठसका लागेल."

"आणि मुहूर्त?"

"मुहूर्त फिरी येस, अक्का. पोटले घाई नई ऱ्हास."

"तुमच्या पोटाला नसेल. स्वतःचं लेकरू असतं म्हणजे कळलं असतं," आजी म्हणाल्या.

मामांनी मूल आजींच्या मांडीवर ठेवलं. चहा प्यायले, उठले. दोन-अडीच महिन्यांनी त्याच घरून पुन्हा बोलावणं आलं. आजी दारातच उभ्या होत्या. "या. तुमचा दरवान रजेवर गेला एकदाचा." त्या दिवशी त्या मुलाने मऊ भाताचे चार चमचे खाल्ले आणि पाचवा आजींच्या लुगड्यावर टाकला. मामांना दोन नारळ मिळाले.

मामा नेहमीच बरोबर असत, अशी समजूत मात्र करून घेऊ नका. कचेरीतल्या एका कारकुनाचं मूल सातव्या महिन्यातही आधाराशिवाय बसत नव्हतं. मामांनी दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा बोलावणं आलं नाही. काही दिवसांनी त्या कारकुनाची बायको बाजारात भेटली आणि म्हणाली, "मामा, आम्ही उरकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मान धरतो, टेकून बसतो, घासाकडे बघून तोंड उघडतो, एवढं पुरे. आता वाटीभर खातो." मामांनी तिथेच भाजीच्या ढिगाशेजारी उभं राहून तिला सगळं पुन्हा सांगायला लावलं. छापखान्यात येऊन त्यांनी ते आम्हाला सांगितलं, स्वतःची चूक म्हणूनच सांगितलं. त्यानंतर प्रश्न बदलला. "टेकी बठस का?"

इतक्या सावधपणाचं कारण मी एकदा विचारलं होतं. ते त्यांनी एकदाच सांगितलं, हातातलं काम न थांबवता. त्यांची आई त्यांच्या धाकट्या बहिणीला जन्म देताना गेली. तेव्हा ते मिसरूडही न फुटलेले. बाप दुसऱ्याच्या शेतावर. मूल यांच्या मांडीवर. शेजारच्या शेळीच्या दुधावर ते वाढवत होते. तिसऱ्या महिन्यात पोर रडू लागली, तर कुणी म्हणालं, भुकेली आहे, भाकर दे. त्यांनी ज्वारीची भाकर दुधात कुस्करून भरवली.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. दोन्ही बाजूनं वाहाले लागनी. आठ-दहा दिवस मी तिले नुसतं देखत बठनू." जुळवलेली ओळ त्यांनी पुढे सरकवली. "जगनी. तिना गुण. मना काही नई."

ती बहीण १९५२ च्या उन्हाळ्यात धुळ्याला दिली. लग्नाला मी नव्हतो. तिथे हजर असलेल्या दोघांकडून मी वेगवेगळ्या वेळी हकीकत ऐकली आणि दोन्ही जुळतात, म्हणून सांगतो.

वरण-बट्टीची पंगत बसली होती. नवरदेवाचे वडील निवृत्त तलाठी. भारदस्त माणूस, गल्लीभर त्यांना आबा म्हणत. तूप वाढणारा चुकून त्यांच्या पानावरून पुढे गेला. आबांनी हात आखडला. व्याह्याने रुसायचं आणि मुलीकडच्याने हात जोडून मनवायचं, यात काही नवीन नाही. लग्न त्याने रंगतं, असंही म्हणतात. मामांनी हात जोडायला हवे होते. त्याऐवजी ते आबांच्या पानासमोर उकिडवे बसले, तूप मागून घेतलं, बट्टी त्यात कुस्करली, छान मऊ घास केला आणि पुढे धरला.

"आ करा, आबा. हाऊ काऊना घास, हाऊ चिऊना घास."

पंगत हसली. आबांनी रागाने बोलायला तोंड उघडलं आणि घास आत गेला. पंगत पुन्हा हसली, या वेळी वाढपीसुद्धा.

आबांनी तो घास गिळला. पाणी प्यायले. उठून हात धुतले. लग्न यथासांग पार पडलं, सून घरी गेली. पण निघताना मांडवाच्या दारात त्यांनी सर्वांसमक्ष सांगितलं, "हा माणूस माझ्या उंबऱ्याच्या आत दिसता कामा नये."

दिसला नाही. बहिणीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही धुळ्यालाच झालं. मुलगी झाली. मामांनी ते दुसऱ्याकडून ऐकलं आणि छापखान्यात पेढे वाटले. भाचीला मात्र त्यांनी पाहिलं नव्हतं. मधल्या काळात जळगावातल्या किती मुलांना त्यांनी पहिला घास भरवला असेल, याची मोजदाद कुणी केली नाही.

फेब्रुवारी सरता सरता बहिणीचा नवरा छापखान्यात आला. सज्जन, मवाळ तरुण. कापसाच्या दलालाकडे कामाला होता आणि त्या कामाने जळगावला येई. दारातच उभा राहिला.

"या, जावईबापू. पोर कशी शे?" मामांनी विचारलं.

"नववा लागला."

"ती काय खास?"

"काही नाही. दूधच."

मामांचा हात खिळ्यांच्या घरावर थांबला. "नववा लागना आनि दूधच?"

"आबा म्हणतात, पहिला घास मामाच्या हातून."

"बराबर म्हणतस."

"आणि मामा घरात नको, हेही म्हणतात."

"तेबी म्हणतसच."

"मग मी काय करायचं, तुम्हीच सांगा," जावई म्हणाला. तो खाली बसला. आमच्या मशीनमनने त्याला पाणी दिलं. मग तो हळूहळू बोलला. पोरीला दूध पुरत नव्हतं. ती वाळत चालली होती, रडतही पूर्वीसारखी नव्हती. कुणी जेवायला बसलं की त्याच्या ताटाकडे टक लावून बघे. आठवड्यापूर्वी तिने आबांच्या हातातली भाकर ओढली होती. आबांनी भाकर सोडवून घेतली आणि जेवण टाकून उठले. तेव्हापासून ते आतल्या खोलीत दार लावून जेवत होते.

"चोरून द्या की दोन घास," मशीनमन म्हणाला.

"बायको तयार आहे. आई घाबरते. माझ्या आधीचा एक भाऊ होता. त्याच्या वेळी मामा आला नाही, तर शेजारणीने भरवलं. तो वर्षाचाही झाला नाही. तापाने गेला की कशाने, कोण सांगणार? आबांनी ते घासावर ठेवलं. आता उद्या पोरीला साधी सर्दी झाली तरी बोल बायकोला लागायचा."

मामा पुन्हा खिळे उचलू लागले. त्यांचा स्वभाव असा की गप्प बसले तर आजारी आहेत काय, असं आम्ही विचारायचो. त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

"रविवारी मी येस," ते शेवटी म्हणाले. "आबासले सांगा, उंबऱ्याच्या आत येणार नई. ओट्यावरबी चढणार नई. रस्ता सरकारना शे."

माझं धुळ्याला काम होतं. ते सोमवारी केलं असतं तरी चाललं असतं, पण मी रविवारीच गेलो.

मामांनी शनिवारी केळी निवडली. रावेरकडची, सालीवर काळे ठिपके आलेली. गाडीत ती पिशवी त्यांनी मांडीवर धरली होती. एरंडोलपर्यंत सगळं ठीक होतं. पारोळ्याला चढलेल्या एका माणसाने आपलं गाठोडं त्यांच्या मांडीवर टेकवलं आणि मग माफी मागितली. एक केळं सपाट झालं. मामांनी ते स्टँडवरच्या वासराला दिलं.

"दोन राहिली," मी म्हणालो.

"एकच लागस."

"मामा, आज तोंड सांभाळा."

"मनं तोंड बंद, पोरनं तोंड उघडं. बस."

त्यानंतर धुळे येईपर्यंत ते खरोखरच बोलले नाहीत.

आबांचं घर एका अरुंद गल्लीत होतं. दारापुढे कमरेइतका उंच ओटा, त्याला दगडी पायऱ्या, समोर रस्त्यावर सार्वजनिक नळ. आम्ही पोचलो तेव्हा आबा ओट्याच्या काठाशी घोंगडीवर बसले होते. डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर मुलगी. निरोप पोचला होता. गल्लीलाही पोचला असावा, कारण समोरच्या दारांतून बायका उभ्या होत्या.

मामांनी नमस्कार केला. आबांनी मान हलवली नाही. मामा वळले, नळावर गेले, बाही वर सारली आणि हात धुवायला लागले. साबण त्यांनी बरोबर आणला होता. कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले. गल्ली बघत होती. आबाही बघत होते. 

मग मामा ओट्याखाली येऊन उभे राहिले. मुलीचं तोंड त्यांच्या छातीच्या उंचीला आलं. ती बारीक होती, मनगटं काडीसारखी, डोळे मोठे. तिने मामांच्या मिशीकडे पाहिलं. मामांनी तिच्याकडे पाहिलं. दारात बहीण उभी होती, तिच्याकडे मात्र त्यांनी पाहायचं टाळलं.

"आबा," मामा म्हणाले, "टेकी बठस का?"

आबा समोर बघत राहिले. मग म्हणाले, "बसते. धरायला लागत नाही." मुलीला त्यांनी मांडीवरून उतरवून घोंगडीवर बसवलं आणि दोन्ही हात बाजूला घेतले. ती बसली. लग्नानंतर त्या दोघांत झालेलं हे पहिलं बोलणं.

"खीर आहे," आबा पुढे म्हणाले. बहिणीच्या सासूबाईंनी चांदीची वाटी ओट्यावर ठेवली. मामांनी वास घेतला. "वेलदोडा घातला वाटतं."

"घालतातच."

मामांनी रीत म्हणून बोटाच्या टोकावर थेंब घेऊन मुलीच्या ओठाला लावला. तिने तोंड वाकडं केलं आणि अंग शहारलं. दारातल्या बायका हसल्या. मामांनी वाटी बाजूला ठेवली आणि पिशवीतून केळं काढलं.

"केळं?" आबा म्हणाले. "केळं थंड पडतं."

"मार्च महिना शे, आबा."

"कुठलं आहे? कसलं खत घातलेलं, कधी उतरवलेलं? माझ्या नातीच्या पोटात जायचं असेल तर आधी मी खाणार."

त्यांनी हात पुढे केला. मामांनी त्या हातात केळं ठेवलं. आबांनी ते सोललं आणि सगळ्या गल्लीदेखत, चार घासांत, पूर्ण खाल्लं. आबांच्या तोंडात घास जात असताना मामांचे ओठ हलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी ओठ मिटले.

"गोड आहे," आबा म्हणाले. "जास्त पिकलंय."

"तसंच लागस."

शेवटचं केळं राहिलं. मामांनी त्याचा टोकाकडचा तुकडा स्वच्छ वाटीत घेऊन चमच्याच्या पाठीने घोटला. आबा वरून वाकून बघत होते.

"गाठ राहिली."

मामांनी आणखी घोटला.

"घट्ट आहे."

"घट्ट शे," मामांनी मान्य केलं. मग पहिल्यांदाच बहिणीकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाले, "माय, आत जाय. जरासं तुनंच दूध यामा पिळी लय. तिले वळखीनी चव लागी."

जन्मल्यापासून तिला मांडीवर वाढवलेला माणूस तो. ती वाटी घेऊन आत गेली. आबा तोवर नळाकडे बघत होते. वाटी परत आली.

मामांनी आधी रिकामा चमचा पुढे केला. मुलीने तोंड उघडलं. जीभ बाहेर आली नाही. मग चमच्याच्या टोकावर थोडंसं केळं घेतलं. ते तोंडात गेलं. मुलीच्या कपाळाला आठ्या पडल्या. ती थांबली. आम्ही सगळेच थांबलो, असं मला आठवतं, नळावर घागर लावलेली बाईसुद्धा. मुलीने गिळलं. मग ती पुढे झुकली आणि तोंड उघडून मामांच्या हाताची वाट पाहू लागली.

दारात बहिणीने पदर तोंडावर घेतला.

दुसरा चमचा गेला, तिसरा गेला. चौथ्याला मुलीने चमचाच पकडला, ओढला आणि जोरात फिरवला. तो आबांच्या हनुवटीवर बसला. टोपीपासून मिशीपर्यंतचा चेहरा कोरडा, आणि हनुवटीवर केळं.

गल्ली हसली. मग एकदम गप्प झाली, कारण लग्नातली गोष्ट गल्लीला माहीत होती. सासूबाई दारातून पुढे आल्या. जावई भिंतीला टेकला. मामा चमचा हरवलेल्या हाताने तसेच उभे होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते बंद होतं.

आबांनी बोटाने हनुवटी पुसली. बोट समोर धरून पाहिलं.

"हा काऊचा का चिऊचा?" त्यांनी विचारलं.

"तिनाच शे, आबा," मामा म्हणाले.

आबांनी बोट मुलीपुढे नेलं. तिने ते चाटलं.

"आणखी दे तिला," आबा म्हणाले. "मागते आहे."

"आज एवढंच. पोटले घाई नई ऱ्हास."

"नऊ महिने थांबली आहे ती."

"म्हणीसनच. आज जास्त दिधं तर रातले तरास. उद्या पुन्हा हेच. दोन-तीन दिवस हेच, मंग मऊ भात, मंग मुगाचं वरण. एका येळी एक नवं. आनि आईनं दूध चालूच."

"उद्या कोण देणार? तू आहेस का इथे?"

"पहिला घास मामाना," मामा म्हणाले. "बाकीना बठ्ठा तुमना."

चहा ओट्यावर आला. मामांनी तो रस्त्यावर उभं राहून घेतला, मीही. आत या, असं आबा म्हणाले नाहीत आणि मामांनी ती अपेक्षा केली नाही. उरलेलं अर्धं केळं बहिणीने झाकून ठेवलं. परतीच्या गाडीत मामांनी पारोळ्याच्या आत बोलायला सुरुवात केली. जळगावला उतरलो तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

जावई पुढे जेव्हा येई तेव्हा पोरीची बातमी आणी. भात खाते. वरण खाते. आबा स्वतः भरवतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, आणि सुनेला विचारतात, गाठ राहिली नाही ना. त्या दिवाळीला आबांनी मामांना जेवायला बोलावलं. मामा उंबऱ्याच्या आत गेले, पानावर बसले. तूप वाढणारा सगळ्यांत आधी त्यांच्या पानाशी थांबला. त्याला स्वतः आबांनीच तिथे पाठवलं होतं, असं जावयाने मला सांगितलं.

१९५६ मध्ये बहिणीला मुलगा झाला. त्याच्या उष्टावणाला मामा गेले तेव्हा घरात पाट मांडलेला होता. मामा ओट्याखालीच थांबले.

"आता काय झालं?" आबांनी विचारलं. "आत ये."

"मागला टाइमले आठेच, ओट्याखाली, बरं पडनं व्हतं, आबा."

आबांनी क्षणभर विचार केला, पाट उचलायला लावला आणि नातवाला घेऊन ओट्याच्या काठाशी येऊन बसले. केळं त्यांनी आधी चाखून पाहिलं. अर्धंच खाल्लं. उरलेलं मामांना दिलं.

छापखान्यात मामांचा क्रम तसाच राहिला. हौद, राख, लाल साबण, नारळ. मेहरूणच्या त्या गार्डाचा मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा त्याच्या आजी त्याला छापखान्यात घेऊन आल्या. "हे बघ, तुला पोतं म्हणणारे," असं त्यांनी मामांकडे बोट दाखवत सांगितलं. मामांनी त्याला त्याच्या नावाचे खिळे जुळवून कागदावर उठवून दिले.

१९५९ च्या पावसाळ्यात मामांना विषमज्वर झाला. बहीण धुळ्याहून आली आणि त्यांच्या खोलीत राहिली. शेवटच्या आठवड्यात ती त्यांना चमच्याने पेज देत असे. मी गेलो तेव्हा ते तिला सांगत होते की पेज घट्ट झाली आहे. भाद्रपदात ते गेले. साप्ताहिकात चार ओळींची बातमी आली. ती मी लिहिली आणि नव्याने आलेल्या कंपोझिटरने जुळवली. हौदावरचा लाल साबण काही दिवस तसाच होता. पुढे तो शाई धुवायला वापरला गेला.

१९६० मध्ये बहिणीला तिसरं मूल झालं, मुलगी. तिच्या उष्टावणाच्या दिवशी मी कामासाठी धुळ्यात होतो, म्हणून गेलो. बहिणीला दुसरा भाऊ नव्हता. चुलत भावाला बोलवावं की देवळातल्या पुजाऱ्याला, यावर घरात बोलणं झालं होतं. निर्णय काय झाला, ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

ओट्याच्या काठाशी घोंगडी अंथरली होती. तिच्यावर जावई बसला होता आणि त्याच्या शेजारी मुलगी. थोरली नात, आता सहा-सात वर्षांची, केळ्याची वाटी धरून उभी होती. आबा सत्तरी ओलांडलेले. ते काठी टेकत पायऱ्या उतरले आणि रस्ता ओलांडून नळाशी गेले. काठी भिंतीला लावली, बाह्या वर सारल्या आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. मग परत येऊन ते ओट्याखाली उभे राहिले.

"बसते का?" त्यांनी आपल्या मुलाला विचारलं.

"बसते, आबा."

आबांनी थोरल्या नातीकडून चमचा घेतला आणि रिकामाच पुढे केला. मुलीने तोंड उघडलं.